डार्क एल्फ खेळायचाय? मग आधी स्नोरी स्टुर्लुसनला भेटा

फँटसी गेम सुरू केला की पहिली स्क्रीन येते ती कॅरेक्टर निवडायची. माणूस, बुटका ड्वार्फ, उंच एल्फ आणि कोपऱ्यात कुठेतरी डार्क एल्फ. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये त्याला ड्राउ म्हणतात, 'मॉरोविंड' आणि 'स्कायरिम'मध्ये डन्मर. राखाडी किंवा जांभळट कातडी, पांढरे केस, लाल डोळे. दिसायला एकदम भारी, म्हणून आपण पटकन निवडतो.

खरी अडचण दहा मिनिटांनी येते. समोर एखादा गावकरी उभा असतो, खाली चार डायलॉग ऑप्शन येतात आणि आपण थांबतो. हा डार्क एल्फ आता काय बोलेल? बहुतेक जण सगळ्यात उद्धट ऑप्शन दाबतात. प्रत्येक वेळी तोच. दोन-तीन तासांत कंटाळा येतो, कारण उद्धटपणा म्हणजे स्वभाव नव्हे. रागावलेला माणूस सुद्धा कशासाठी तरी रागावलेला असतो.

गेम आतून कसा चालतो ते एकदा बघा. 'मॉरोविंड'मध्ये प्रत्येक पात्राच्या मनात तुमच्याबद्दल ० ते १०० असा एक आकडा असतो. तुमची जात-जमात कोणती, तुम्ही कोणत्या गटाचे, तुम्ही काय बोललात यावर तो वर-खाली होतो. गेमला एवढंच कळतं. तुमचं पात्र असं का वागतं, हे कोणत्याही आकड्यात साठवलेलं नसतं. ते 'का' आपल्यालाच डोक्यात घेऊन बसावं लागतं.

मला ते 'का' सापडलं ते एका खऱ्या माणसाच्या आयुष्यात. डार्क एल्फ हा शब्द ज्याच्या पुस्तकामुळे आपल्यापर्यंत आला, तो स्नोरी स्टुर्लुसन. आइसलँडचा कवी, इतिहासकार, कायदेपंडित आणि पक्का राजकारणी. त्याचं आयुष्य वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस स्वतःच एखाद्या ड्राउ शहरात राहत होता. फक्त त्याच्या डोक्यावर आकाश होतं, एवढाच फरक.

भांडणाच्या तडजोडीत मिळालेलं घर

स्नोरीचा जन्म ११७९ चा, पश्चिम आइसलँडमधल्या क्वाम्मर या गावचा. त्या काळी आइसलँडला राजा नव्हता. ९३० च्या सुमारास सुरू झालेली आल्थिंग ही सभा दर उन्हाळ्यात थिंगवेलीरला भरायची, तिथे कायदे सांगितले जायचे, निवाडे व्हायचे. पण निवाडा अंमलात आणायला ना पोलीस होते ना सैन्य. तुमच्या पाठीशी किती माणसं उभी आहेत, यावरच सगळं ठरायचं.

स्नोरीच्या बापाचं, स्टुर्लाचं, रेकहोल्ट इथल्या पाउल नावाच्या धर्मगुरूशी वारसाहक्कावरून भांडण होतं. बोलणी चालू असताना पाउलची बायको सुरी घेऊन स्टुर्लाच्या अंगावर धावली. देवांचा राजा ओडिन एका डोळ्याचा होता, तसंच स्टुर्लाला करायचा तिचा इरादा होता. वार डोळा चुकवून गालावर बसला. मग स्टुर्लाने भरपाई म्हणून अवाच्या सवा रक्कम मागितली. शेवटी देशातला सगळ्यात वजनदार माणूस, ओद्दीचा योन लोफ्टसन, मध्ये पडला. त्याने रक्कम बरीच खाली आणली आणि स्टुर्लाचं समाधान व्हावं म्हणून त्याच्या लहान मुलाला आपल्या घरी वाढवायचं कबूल केलं. तो मुलगा म्हणजे स्नोरी. वय जेमतेम तीन वर्षं.

म्हणजे ज्या घरात तो मोठा झाला, ते घर त्याला एका चाकूच्या वारामुळे मिळालं. नशीब असं की ओद्दी हे देशातलं मोठं विद्याकेंद्र होतं. योन लोफ्टसनच्या अंगात आईकडून नॉर्वेच्या राजघराण्याचं रक्त होतं. तिथे स्नोरी कायदा, इतिहास आणि जुनी कविता शिकला. नातं आणि करार या दोन गोष्टी वेगळ्या नसतात, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचं बालपणच त्यावर उभं होतं.

लग्नं, जमिनी आणि पाठ असलेला कायदा

११९९ मध्ये स्नोरीने हेर्दिस या श्रीमंत घरच्या मुलीशी लग्न केलं. सासरा वारल्यावर बोर्ग हे मोठं वतन त्याच्याकडे आलं. काही वर्षांतच तो एकटाच रेकहोल्टला राहायला गेला. हो, तेच रेकहोल्ट, जिथल्या बाईने त्याच्या बापावर सुरी चालवली होती! तिथे गरम पाण्याचं एक गोल कुंड आजही आहे, त्याला स्नोरीचं कुंड म्हणतात.

१२१५ मध्ये तो आल्थिंगचा कायदेवक्ता झाला. हे देशातलं सगळ्यात मानाचं पद. कायदेवक्त्याला सगळा कायदा तोंडपाठ असावा लागे आणि दरवर्षी त्यातला एक तृतीयांश भाग सभेपुढे म्हणून दाखवावा लागे. स्नोरीने हे पद दोनदा भूषवलं: १२१५ ते १२१८ आणि नंतर १२२२ ते १२३१.

दुसरीकडे तो मुलींची लग्नं लावत होता, आणि प्रत्येक लग्न म्हणजे एक युती. एक मुलगी, इंगिब्योर्ग, त्याने गिसुर थोरवाल्डसन या तरुण सरदाराला दिली. हे नाव लक्षात ठेवा. १२२४ पासून तो स्वतः हॅल्वेग या विधवेबरोबर राहू लागला. ती देशातली सगळ्यात श्रीमंत बाई मानली जायची. तिचा मेलेला नवरा म्हणजे गिसुरचा भाऊ.

मराठीत आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. त्या काळच्या आइसलँडमध्ये पाच-सहा घराणी एकमेकांत लग्नं करत होती, एकमेकांची पोरं वाढवत होती आणि एकमेकांची घरं जाळत होती. स्नोरीच्या घराण्यावरून या काळाला स्टुर्लुंग काळ असंच नाव पडलं.

दोन धनी, एक वचन

१२१८ मध्ये स्नोरी नॉर्वेला गेला. राजा हाकोन तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि खरी सत्ता स्कूली या सरदाराच्या हातात होती. व्यापाऱ्यांच्या भांडणावरून स्कूली आइसलँडवर आरमार पाठवायच्या बेतात होता. स्नोरीने त्याला थांबवलं. त्याबदल्यात वचन दिलं की देशबांधवांना नॉर्वेच्या राजाचं वर्चस्व मान्य करायला मी लावेन. त्याला राजाचा मानकरी केलं गेलं, जहाज मिळालं, भेटवस्तू मिळाल्या. तो १२२० मध्ये परतला आणि वचनाची हमी म्हणून आपला मुलगा योन याला नॉर्वेला पाठवून दिलं.

आणि मग त्याने काय केलं? जवळजवळ काहीच नाही. ना नकार दिला, ना काम केलं. वर्षं जाऊ दिली. यामुळे आइसलँडवरचा हल्ला टळला हे खरं, पण दोन्हीकडचा विश्वास हळूहळू उडाला. आइसलँडमध्ये काहींना तो राजाचा माणूस वाटला, राजाला तो कामचुकार वाटला. हे देशप्रेम होतं की स्वार्थ, यावर आजही वाद होतो. मला वाटतं दोन्ही होतं, आणि कुठलं किती हे त्याला स्वतःला तरी माहीत होतं का कुणास ठाऊक.

शत्रूच्या नव्हे, पूर्वजांच्या डोक्यात शिरलेला लेखक

याच धामधुमीत, १२२० च्या सुमारास, त्याने 'एड्डा' लिहायला घेतलं. आइसलँड १००० च्या सुमारास ख्रिस्ती झालं होतं. ओडिन, थॉर, लोकी यांना पूजणारं उघडपणे कुणी उरलं नव्हतं. मग एका ख्रिस्ती माणसाने त्यांच्या गोष्टी का लिहाव्यात?

कारण अडचण अगदी मीमसारखी होती. एखादा मीम ज्या सिनेमावर आहे तो तुम्ही पाहिलेला नसेल, तर तो कळत नाही. जुन्या कवितेत सोन्याला थेट सोनं म्हणत नसत, सिफचे केस म्हणत. लोकीने थॉरच्या बायकोचे, सिफचे, केस कापले आणि तिला सोन्याचे केस करून आणावे लागले, ही गोष्ट माहीत नसेल तर ओळ डोक्यावरून जाणार. नवे कवी त्या गोष्टी विसरत चालले होते. स्नोरीने त्यांच्यासाठी हँडबुक लिहिलं.

त्याची पद्धत बघा. पहिल्या भागात गिल्फी नावाचा राजा वेष बदलून, गांगलेरी असं खोटं नाव घेऊन, देवांच्या दरबारात जातो आणि प्रश्न विचारतो. सिंहासनावर बसलेले तिघं उत्तरं देतात. स्नोरी कुठेही मध्ये येऊन या सगळ्या थापा आहेत असं ओरडत नाही. त्यावर विश्वास असलेला माणूस जसं सांगेल तसं तो सांगतो. स्वतःची श्रद्धा तशीच ठेवून दुसऱ्याच्या श्रद्धेतून जग बघायचं, हेच तर रोलप्ले! डाइस आणि कॅरेक्टर शीट नव्हतं, इतकंच.

आता मुद्द्याची गोष्ट. या पुस्तकात डार्क एल्फांची ओळख येते ती अगदी मोजक्या शब्दांत. उजळ एल्फ वर राहतात, काळे एल्फ जमिनीखाली. ते दिसायला वेगळे आहेत आणि वागण्यात त्याहून कितीतरी वेगळे. रंगाने डांबरापेक्षा काळे. बस्स! ते दुष्ट आहेत असं तिथे म्हटलेलं नाही. कसे वेगळे, का वेगळे, हेही नाही.

उलट पुढच्या गोष्टींत ते कारागीर म्हणून भेटतात. सिफचे सोन्याचे केस बनवून घ्यायला लोकी काळ्या एल्फांकडेच जातो. फेनरिर लांडग्याला बांधायची जादूची दोरी ग्लेप्निर, ती बनवायला देवांचा दूत काळ्या एल्फांच्या देशात जातो. मांजरीच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी, असं सहा वस्तूंचं ते क्राफ्टिंग. गंमत म्हणजे तिथे काम करणाऱ्यांना स्नोरी ड्वार्फ म्हणतो. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं की त्याचे काळे एल्फ आणि ड्वार्फ एकच. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'मध्ये स्वार्टाल्फहाइम हे ड्वार्फांचं गाव का आहे, त्याचं उत्तर इथे आहे.

न वाचता आलेलं पत्र

१२३० नंतर सगळं फिरलं. नॉर्वेहून परतलेला मुलगा योन पुन्हा तिकडे गेला आणि १२३१ मध्ये दारूच्या भांडणात मारला गेला. सख्खा पुतण्या स्टुर्ला सिग्वाट्सन राजाचा नवा हस्तक झाला आणि १२३६ मध्ये त्याने काकालाच रेकहोल्टमधून हाकललं. स्नोरीच्या दुसऱ्या मुलाचा, ओरेक्याचा, त्याने सुर्त्सहेलीर या गुहेत क्रूर छळ केला. १२३७ मध्ये स्नोरी नॉर्वेला गेला. पुढच्याच वर्षी ओर्लिग्सस्टादीरच्या लढाईत गिसुर आणि त्याच्या साथीदारांनी स्टुर्लाला आणि स्नोरीच्या भावाला मारलं.

आता देशात परतायची वेळ होती, पण राजा हाकोनने मनाई केली. स्नोरी १२३९ मध्ये मनाई मोडून निघाला. त्याच वर्षी त्याचा जुना मित्र स्कूली राजाविरुद्ध उठला आणि पुढच्या वर्षी मारला गेला. राजाच्या नजरेत स्नोरी आता गद्दार होता. गिसुरला पत्र आलं: स्नोरीला नॉर्वेला पाठव, नाहीतर मारून टाक. गिसुर म्हणजे एकेकाळचा जावई. मुलीशी त्याचा संसार टिकला नव्हता.

१२४१ च्या उन्हाळ्यात हॅल्वेग वारली. तिच्या मुलांना आईच्या मालमत्तेत आपला वाटा पुरता मिळाला नाही असं वाटलं आणि ती काकाकडे, म्हणजे गिसुरकडे गेली. त्या सुमारास स्नोरीला एक पत्र आलं होतं. ते गुप्त लिपीत होतं आणि ते कुणालाच नीट वाचता आलं नाही. त्यात धोक्याची सूचना असावी. आजच्या भाषेत, मेसेज एन्क्रिप्टेड होता आणि की हरवली होती. ज्याने आयुष्यभर जुन्या कवितेची कोडी सोडवली, त्याला हे एक सुटलं नाही.

२२ सप्टेंबरच्या रात्री गिसुरची माणसं रेकहोल्टमध्ये शिरली. स्नोरी झोपेतून उठून तळघरात लपला. पाच जण खाली उतरले. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं. तो ६२ वर्षांचा होता. तिथेच त्याला मारलं.

गिसुरला पुढे राजाने जार्ल केलं. १२६२ मध्ये आइसलँडने नॉर्वेच्या राजापुढे मान तुकवायला सुरुवात केली आणि १२६४ पर्यंत ते पूर्ण झालं. हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः स्नोरीच्या दुसऱ्या एका पुतण्यामुळे, स्टुर्ला थोर्डारसनमुळे. त्याने हा काळ लिहून ठेवला, आणि काकाचे दोषही लपवले नाहीत.

वासराच्या कातड्यापासून तुमच्या फोनपर्यंत

'एड्डा' वासराच्या कातड्यावर हाताने नकलून टिकलं. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रतीत स्नोरीचं नाव आहे. पुढे छपाई आली, भाषांतरं आली. १९७० च्या दशकात अमेरिकेत गॅरी गायगॅक्सने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये ड्राउ आणले. जमिनीखालची शहरं, लोल्थ ही कोळ्यांची राणी, बायकांच्या हातात सत्ता, एकमेकांच्या जिवावर उठलेली घराणी. स्नोरीने रिकामी सोडलेली जागा गायगॅक्सने भरली, पण भरताना अख्खी जमात दुष्ट करून टाकली. १९८८ मध्ये आर. ए. साल्वातोरे यांच्या कादंबरीत ड्रिझ्ट आला, त्या समाजातून बाहेर पडलेला ड्राउ, आणि लोकांना कळलं की या जमातीत सुद्धा माणसं असतात.

२०२० मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने मान्य केलं की ओर्क आणि ड्राउ यांना सरसकट वाईट दाखवणं खऱ्या जगातल्या वंशभेदाची आठवण करून देतं, आणि ते बदलू. हा मुद्दा आपल्यालाही लांबचा नाही. लग्नाच्या जाहिरातीत गोरी मुलगी मागणाऱ्या समाजात वाढलेल्या आपण काळा म्हणजे वाईट हे समीकरण गेममध्ये तरी डोळे मिटून का चालवायचं?

मग डार्क एल्फ खेळायचा कसा?

स्नोरीकडून मी घेतलेल्या पाच गोष्टी सांगतो. नवं कॅरेक्टर बनवलं की एवढी उत्तरं नोट्स ॲपमध्ये लिहून ठेवा.

१. याला कुणी वाढवलं आणि कशाच्या बदल्यात? ड्राउ घराण्यात प्रेम असतं, पण त्याचा हिशेब पण असतो. फुकट मदत करणाऱ्या गावकऱ्याबद्दल तुमच्या पात्राला राग येणार नाही. त्याला भीती वाटेल.

२. याची सभ्यता कुठून येते? स्नोरीचे घात शिव्या देत आले नाहीत. ते भेटवस्तू, पदव्या आणि लग्नाच्या बोलण्या घेऊन आले. जिथे शब्द चुकला तर जीव जातो, तिथे माणसं मोजून आणि गोड बोलतात. म्हणून उद्धट ऑप्शन शेवटी ठेवा.

३. हा नकार कसा देतो? बहुतेक वेळा देतच नाही. हो म्हणतो आणि वेळ काढतो. क्वेस्ट घ्या, पण ताबडतोब पूर्ण करू नका. दोन्ही गटांना तुमची गरज आहे तोवर तुम्ही जिवंत आहात.

४. याचा कायदा कोणता? साल्वातोरे यांच्या मेन्झोबेरान्झान शहरात एखादं घराणं दुसऱ्यावर चालून गेलं आणि साक्षीदार उरला नाही, तर तो गुन्हाच धरत नाहीत. ऐकायला भयंकर आहे, पण तो नियम आहे. तुमचं पात्र बेशिस्त नाही, त्याची शिस्त वेगळी आहे. ती कोणती, हे ठरवा.

५. फायदा नसताना हा काय जपतो? ही सगळ्यात महत्त्वाची. स्नोरी लोभी होता, वचन टाळणारा होता, पोरांच्या लग्नांचे सौदे करणारा होता. पण कुणी पूजत नाही अशा देवांच्या गोष्टी त्याने जपल्या, आणि त्यासाठी त्याला जमिनीचा एक तुकडा सुद्धा मिळणार नव्हता. तुमच्या ड्राउलाही असं काहीतरी द्या. एखादं गाणं, एखादी कारागिरी, मेलेल्या बहिणीचं नाव. ते नसेल तर पात्र म्हणजे नुसती स्किन.

एक सूचना मित्रांसोबत टेबलावर किंवा ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी. पात्र कपटी असलं तरी खेळाडूने कपटी व्हायचं नसतं. माझं पात्र असंच वागेल, या नावाखाली दुसऱ्यांची मजा घालवू नका. मोठा विश्वासघात करायचा असेल तर गेम चालवणाऱ्याशी आधी बोला. त्यातून निघालेली गोष्ट सगळ्यांना जास्त आवडते, हा माझा अनुभव आहे.

'एड्डा' मुळातून वाचावंसं वाटलं तर आर्थर ब्रोडर यांचा १९१६ चा इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर मोफत मिळतो. फोनवर सहज वाचता येतो. पहिला भाग गिल्फीचा, तिथूनच सुरुवात करा. डार्क एल्फांचा उल्लेख येईल तेव्हा जरा थांबा आणि बघा, तिथे किती कमी लिहिलंय. उरलेलं तुम्ही लिहायचं आहे.